खिळा न घेणाऱ्या भिंती : वरळीच्या बीडीडी चाळींचा खरा इतिहास जपला जावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात, बऱ्याच वर्षांनी, मी वरळीच्या बीडीडी चाळींत एक पूर्ण दिवस घालवून आले. १९६१ पासून १९८१ साली लग्न होऊन डोंबिवलीला जाईपर्यंत माझे सारे आयुष्य तिथल्या एका खोलीत गेले. वडील गावी परतल्यावर ती खोली आमच्या चुलत्यांकडे गेली आणि आज त्यांची सून तिथे संसार करते. तिचा फोन आला होता : "ताई, आमच्या इमारतीचा नंबर आता लागणार. एकदा येऊन खोली बघून जा, नंतर बघायला काही राहणार नाही." म्हणून गेले. त्या भेटीत जे पाहिले आणि विशेषतः जे ऐकले, त्यामुळे हे पत्र लिहिणे मला आवश्यक वाटले.

आधी नव्या इमारतीविषयी सांगते, कारण चाळीतून बाहेर पडून सुस्थितीत गेलेल्या माणसांनी चाळीचे गोडवे गावेत आणि आत राहणाऱ्यांनी ते मुकाट ऐकावेत, हा प्रकार मला कधीच रुचलेला नाही. १४ ऑगस्ट २०२५ रोजी म्हाडाच्या पुनर्विकासातील पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या वरळीच्या रहिवाशांना मिळाल्या. आमच्या शेजारच्या इमारतीतील एक कुटुंब त्यांत आहे. १६० चौरस फुटांच्या एका खोलीतून ते चाळीस मजली इमारतीतल्या ५०० चौरस फुटांच्या घरात आले आहे. त्या घरातल्या वहिनी माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या आहेत. त्यांनी मला स्वयंपाकघर दाखवले, खिडकीतून दिसणारा समुद्र दाखवला आणि शेवटी स्वच्छतागृहाचे दार उघडून काही क्षण तिथेच उभ्या राहिल्या. "आतून कडी लावली की बाहेर कोणी ताटकळत नसतं गं," एवढेच म्हणाल्या. बाहेर वीस खोल्यांची रांग उभी असताना, पहाटे चार वाजता, पाळी सुरू असलेल्या मुलीला हातात बादली घेऊन उभे राहावे लागणे म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या वाक्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. या चाळी पाडल्या जात आहेत याचे मला दुःख नाही. त्या आणखी तीस वर्षे आधी पाडल्या गेल्या असत्या तर माझ्या आईचे उतारवय काही अंशी सुखाचे झाले असते.

माझी तक्रार निराळी आहे. त्याच नव्या इमारतीच्या उद्वाहनातून खाली उतरताना एक तरुण वडील आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला समोरच्या जुन्या चाळी दाखवून सांगत होते, "हे आधी इंग्रजांचं जेल होतं. कैद्यांसाठी बांधलेलं. नंतर आपल्या लोकांना राहायला दिलं." त्या तरुणाला मी दोष देत नाही. हीच कथा मी गेल्या दोन-तीन वर्षांत एका वृत्तवाहिनीवर, काही भाषणांत आणि छापील मजकुरातही पाहिली आहे. तिच्या जोडीला दुसरी एक कथा असते : इंग्रजांचे बांधकाम किती भक्कम, शंभर वर्षे झाली तरी इमारती उभ्या आहेत! या दोन्ही कथा सत्याला धरून नाहीत. चाळी उभ्या असेपर्यंत त्यांचा प्रतिवाद निदान भिंतींकडे बोट दाखवून करता येत होता. त्या गेल्यावर जे छापलेले असेल तेच इतिहास म्हणून उरेल. म्हणून थोडे तपशिलाने लिहिते.

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. पहिले महायुद्ध संपले तेव्हा मुंबईच्या गिरण्या भरभराटीत होत्या आणि त्या चालवणारे कामगार मात्र अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत दाटीवाटीने राहत होते. १९२१ साली मुंबईत नोंदल्या गेलेल्या दर १००० जन्मांमागे ६६६ अर्भके दगावल्याची नोंद आहे. अनेक बायका बाळंतपणाला गावी जात, त्यामुळे जन्म गावी नोंदले जात आणि मृत्यू मुंबईत, म्हणून हा आकडा फुगलेला असणार हे मान्य केले तरी त्यामागची भीषणता लपत नाही. त्या वेळचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनी १९२० साली हे खाते उभे केले आणि औद्योगिक कामगारांसाठी एकेका खोलीची ५०,००० घरे बांधण्याची योजना जाहीर केली. पैसा उभारण्यासाठी कर्ज काढले गेले आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर १ रुपया कर बसवला गेला. याच खात्याकडे बॅकबेच्या समुद्रात भराव घालण्याचे काम होते. तो भराव पुढे इतका फसला की काँग्रेसचे पुढारी खुर्शीद नरिमन यांनी त्यावर उठवलेली टीकेची झोड मुंबईच्या सार्वजनिक जीवनात गाजली. आज त्यांचे नाव त्याच बाजूच्या नरिमन पॉइंटला आहे.

घरांची योजनाही तशीच अर्ध्यावर राहिली. युद्धानंतरची तेजी ओसरली, बांधकामाचा खर्च वाढत गेला आणि १९२५ च्या सुमारास काम थांबले तेव्हा २०७ चाळी उभ्या होत्या : वरळीत १२१, नायगावात ४२, डिलाईल रोडला (आजच्या ना. म. जोशी मार्गावर) ३२ आणि शिवडीत १२. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एका चाळीत ऐंशी. एकूण खोल्या सोळा हजारांहून थोड्या अधिक, म्हणजे ठरवलेल्या संख्येच्या जेमतेम एकतृतीयांश.

आणि आता ती गोष्ट, जी कोणी सांगत नाही. ज्या कामगारांसाठी या चाळी बांधल्या गेल्या, ते कामगार तिथे राहायला येईनात. शहरात घरांची एवढी टंचाई असताना वरळीच्या चाळींपैकी कित्येक चाळी वर्षानुवर्षे रिकाम्या पडल्या. सरकारला भाडे उतरवावे लागले, तरी त्या भरेनात. वरळी तेव्हा शहराच्या टोकाला होती, बाजारहाट आणि दिवाबत्तीची सोय धड नव्हती, हे एक कारण होते. दुसरे कारण इमारतींचीच रचना. मधोमध लांबलचक बोळ आणि त्याच्या दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या समोरासमोर, त्यामुळे बोळात भर दुपारीही दिवा लावल्याखेरीज समोरचा चेहरा दिसत नाही आणि खोलीत आरपार वारा खेळत नाही. काँक्रीटच्या भिंती उन्हाळ्यात दिवसभर तापत आणि रात्रभर ती धग आत सोडत राहत. बाहेर ओटा नाही, पडवी नाही, दोघांनी टेकून बोलावे अशी गॅलरी नाही. गावाकडून आलेल्या माणसाला घर म्हणून जे ओळखीचे होते, त्यातले काहीच त्यात नव्हते. या चाळी माणसांना राहण्यासाठी नव्हे तर कोंबण्यासाठी बांधल्यासारख्या आहेत, असे त्या काळच्या टीकाकारांनी म्हटले ते अकारण नव्हते.

तुरुंगाची कथा इथे येते. १९३० साली सविनय कायदेभंगाची चळवळ पेटली, मुंबईत सत्याग्रहींची धरपकड सुरू झाली आणि तुरुंग अपुरे पडू लागले, तेव्हा सरकारने वरळीच्या चाळींत तात्पुरता तुरुंग उघडला. म्हणजे तुरुंग आधी आणि घरे नंतर, असा क्रम नाही. तो नेमका उलटा आहे. कामगारांसाठी म्हणून बांधलेल्या इमारतींत सत्याग्रहींना कोंडणे सरकारला सहज शक्य झाले, एवढीच त्या रचनेबद्दलची साक्ष पुरेशी आहे. उद्वाहनातल्या त्या मुलाला हे सांगितले गेले पाहिजे की तू जिथे वाढलास ती जागा कैद्यांची उष्टी जागा नव्हती, ती तुझ्या पणजोबांच्या श्रमाच्या नावाने, त्यांच्याच गिरण्यांत जाणाऱ्या कापसावर कर घेऊन बांधली गेली होती, आणि मिठासाठी व स्वराज्यासाठी तुरुंगात गेलेली माणसे तिथे राहून गेली, हा त्या जागेचा मान आहे.

ओघात आणखी एक दुरुस्ती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बीडीडी चाळीत राहत असत असेही पुष्कळदा लिहिले जाते. बाबासाहेब १९१२ ते १९३४ या काळात परळच्या पोयबावडीला ज्या चाळीत राहिले ती बीआयटी चाळ होय. ती बांधणारा बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली स्थापन झाला होता आणि त्याचा या खात्याशी संबंध नव्हता. अक्षरे सारखी वाटतात म्हणून दोन्ही इतिहास एकात मिसळू नयेत. वरळीच्या मैदानाला बाबासाहेबांचे नाव आहे आणि वस्तीच्या घराघरांत त्यांची तसबीर आहे. तेवढे नाते पुरेसे खरे आहे, त्याला चुकीच्या पत्त्याचा आधार नको.

आता "भक्कम बांधकामा"विषयी. लोखंडी सळ्या घालून ओतलेले काँक्रीट तेव्हा आपल्याकडे नवे होते. समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेत काँक्रीटला बारीक भेगा पडल्या की ओल सळीपर्यंत पोहोचते, सळी गंजते, गंजताना फुगते आणि फुगली की बाहेरचे काँक्रीट ढलप्यांनी सुटते. माझ्या लहानपणीच छताचे पोपडे पडत असत. पावसाळ्यात आई पाळण्यावर पत्र्याचा तुकडा आडवा बांधत असे, तो पाण्यासाठी नव्हे, वरून पडणाऱ्या सिमेंटसाठी. इमारती शंभर वर्षे उभ्या राहिल्या त्या दुरुस्त्यांवर, टेकूंवर आणि रहिवाशांनी पदरमोड करून केलेल्या गिलाव्यावर. हे लिहिण्याचे कारण असे की बांधणाऱ्याचे जे श्रेय आपण सहज देऊन टाकतो, ते राहणाऱ्यांच्या हक्काचे आहे.

याचा पुरावा मला त्या दिवशी खोलीतच सापडला. आमच्या खोलीच्या भिंतीत खिळा ठोकता येत नसे. विटांची भिंत खिळा धरते, ही भिंत हातोडीचा घाव परत फेकायची आणि खिळा वाकायचा. बाबांच्या आधी ज्यांची ती खोली होती, त्यांनी किंवा त्यांच्याही आधीच्या कोणी, छिन्नीने भिंतीत चौकोनी भोके पाडून त्यांत सागाच्या गुट्ट्या ठोकल्या होत्या, आणि त्या गुट्ट्यांत खिळे. अशा नऊ गुट्ट्या आमच्या खोलीत होत्या. एकीवर देवाची फळी, दोहोंवर कपड्यांची दोरी, दाराजवळच्या एकीवर बाबांचा शर्ट. भोक पाडायला एक अख्खा रविवार लागे आणि त्या आवाजाने दोन्ही बाजूंची बिऱ्हाडे हैराण होत, म्हणून आधी शेजारच्यांना सांगून ठेवायची पद्धत होती. आज त्या भिंतीवर निळ्या रंगाचे कितीतरी हात चढले आहेत. टीव्हीसाठी यंत्राने पाडलेली भोके आहेत. तरी दाराजवळ चाचपून पाहिले तर रंगाखाली एक चौकोनी उंचवटा हाताला लागला. चुलत वहिनीने सुरीच्या टोकाने रंग खरवडला तेव्हा आत लाकूड होते, काळे पडलेले, पण घट्ट.

मोरीचेही तसेच. कोपऱ्यात दोन विटांचा कठडा घालून, त्याला घोटीव सिमेंटचा लेप देऊन ती कोणीतरी करून घेतलेली. वर निम्म्या खोलीइतका पोटमाळा, तोही नंतरचा. दाराबाहेर बोळात पाण्याचे पिंप ठेवायला केलेला चौथरा, तोही आपल्या माणसांचा. सरकारने बांधलेल्या चार भिंतींना राहण्याजोगे करण्याचे काम कामगारांनी आणि मुख्यतः त्यांच्या बायकांनी तीन पिढ्या केले, आणि त्याची नोंद कोणत्याही नकाशावर नाही.

माझे वडील आजरा तालुक्यातले. १९५१ साली मुंबईला आले तेव्हा प्रथम डिलाईल रोडच्या चाळीतल्या गावकीच्या खोलीत उतरले. ही गावकीची खोली काय चीज होती, हे आजच्या वाचकाला सांगितले पाहिजे. एका गावच्या लोकांनी मिळून एक खोली धरायची. भाडेपावती कोणा एकाच्या नावावर, पण खोली साऱ्या गावाची. गावचा कोणीही तरुण नोकरीच्या शोधात आला की तिथे त्याला एक ट्रंक ठेवण्याची जागा आणि एक वळकटी पसरण्याची जागा मिळे. वीस-पंचवीस माणसे एका खोलीची, कारण तीन पाळ्यांत काम असल्याने सगळी एका वेळी घरी नसतच. दिवसपाळीवाले उठले की रातपाळीवाले त्याच जागेवर आडवे होत. गावचा घनसाळ तांदूळ कोणाच्या तरी पोत्यातून आला की त्या दिवशी खानावळवाल्या बाईला सांगून सगळ्यांचा भात होई. गावात कोणी वारले की पैसे तिथून जात, देवळाचा जीर्णोद्धार तिथून होई, भांडणाचा निवाडाही तिथेच. गिरणीच्या साचेखात्यात (विणकामाच्या विभागात) कायम झाल्यावर आणि आईला आणायचे ठरल्यावर बाबांनी ओळखीने वरळीची खोली मिळवली. पण आजारी पडेपर्यंत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते डिलाईल रोडच्या खोलीत जाऊन वर्गणी देत राहिले.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तो कधी मागे घेतला गेला हे आमच्या घरात कोणी नेमके सांगू शकणार नाही, कारण बाबांना कामावर परत बोलावणारे पत्र आलेच नाही. आईने खानावळ सुरू केली. गिरणीतले आठ मेंबर जेवायला होते, पण त्यांनाही पगार नव्हता. तीन महिन्यांनी खानावळ उधारीत बुडाली आणि आईने त्यातल्या एकाकडेही कधी पैसे मागितले नाहीत. हा प्रसंग घराघरात वेगवेगळ्या रूपाने घडला आहे. मी तो लांबवत नाही.

सगळे गुण्यागोविंदाने चालले होते असेही मी म्हणणार नाही. दहीहंडी, गणपती, लेझीम, जांबोरी मैदानावरची कबड्डी, भीमजयंतीची मिरवणूक, हे सारे होते आणि आजही आहे. पण ५ जानेवारी १९७४ रोजी दलित पँथरच्या सभेनंतर वरळीत दंगल उसळली आणि पुढे कित्येक आठवडे चाळीचाळींतून दगड, बाटल्या आणि पेटते बोळे फेकले जात होते, हेही घडले आहे. तेव्हा मी सोळा वर्षांची होते. जिच्या घरी मी गणित सोडवायला जात असे, त्या मैत्रिणीची चाळ आणि आमची चाळ यांच्यामधल्या तीस पावलांच्या जागेवर पोलिसांचा पहारा होता आणि दोन महिने आम्ही एकमेकींना खिडकीतून नुसत्या पाहत होतो. या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती भस्मे आयोगाने केली. वस्तीचा इतिहास लिहिताना ही पाने फाडून टाकली तर उरलेली पानेही खोटी ठरतील. ती मैत्रीण आज या जगात नाही, तिच्या मुलीला नव्या इमारतीत घर मिळणार आहे, आणि मी तिच्याकडेच त्या दिवशी दुपारी जेवले.

इतके सारे लिहिल्यावर माझे मागणे काय, ते स्पष्ट सांगते. पुनर्विकासात वरळी, नायगाव आणि डिलाईल रोड मिळून १५,५९३ रहिवाशांचे पुनर्वसन व्हायचे आहे. ते वेळेत आणि नीट व्हावे, त्यात कोणाचाही अडसर येऊ नये. पण त्याच कामाचा भाग म्हणून एका चाळीचा निदान एक मजला, त्याचा बोळ, त्याचे सामाईक संडास आणि पाण्याचे नळ यांसह, जसाच्या तसा राखावा. सामाईक संडास हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. स्मारक म्हटले की दर्शनी भिंत रंगवून, आत कंदील आणि चरवी मांडून, संडासाच्या जागी उपाहारगृह काढण्याची आपल्याकडे रीत पडू पाहते आहे. वरळीत तसे झाले तर न झालेले बरे.

हे अशक्य नाही. माझा मुलगा नोकरीनिमित्त काही वर्षे हाँगकाँगला होता, तेव्हा त्याने मला तिथली मे हो हाऊस नावाची इमारत दाखवली होती. २५ डिसेंबर १९५३ च्या रात्री शेक किप मेई इथल्या झोपड्यांना आग लागून पन्नास हजारांहून अधिक माणसे उघड्यावर आली. त्यांच्यासाठी तिथल्या सरकारने घाईघाईने बांधलेल्या इमारतींपैकी ही एक, १९५४ सालची. इंग्रजी एच अक्षराच्या आकाराची, कुटुंबाला एकच लहान खोली, आणि नळ व संडास अक्षराच्या मधल्या दांडीत, सर्वांना सामाईक. बाकीच्या जुन्या इमारती पाडून तिथे उंच नवी घरे झाली. ही एकच मागे ठेवली गेली आणि २०१३ पासून तिच्यात युवकांसाठी वसतिगृह आणि एक लहानसे संग्रहालय चालते. संग्रहालयातल्या खोल्यांत मांडलेले पाट, स्टोव्ह, शिवणयंत्रे, शाळेची दप्तरे ही त्याच वस्तीत पूर्वी राहिलेल्या माणसांनी दिलेली आहेत. मला तिथे उभे असताना वरळीच आठवत होती. नवी घरे आणि जुनी आठवण यांत एकाची निवड करावी लागत नाही, हे मी तिथे डोळ्यांनी पाहिले आहे.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची, आणि ती अधिक तातडीची आहे, कारण इमारत पाडायला यंत्रे लागतात, कागद मात्र आपोआप नाहीसे होतात. या चाळींचा कारभार सार्वजनिक बांधकाम विभागाकडे होता. कोणत्या खोलीत कोण, कधीपासून, कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर, याची नोंद भाडेवहीत होत असे. रहिवाशांची पात्रता ठरवण्यासाठी अशा नोंदी हाताळल्या जात आहेत. पात्रतेचे काम संपल्यावर त्या रद्दीत जाऊ नयेत, पुराभिलेख संचालनालयाकडे सोपवल्या जाव्यात. कोणत्या तालुक्यातून, कोणत्या समाजातून, कोणत्या दशकात माणसे मुंबईला आली आणि कोणत्या दशकात ती परत गेली, याचा इतका सलग पुरावा गिरणगावात दुसरीकडे मिळणे कठीण आहे. गावकीच्या खोल्यांच्या वर्गणीच्या वह्या तर खासगी ट्रंकांत आहेत. कोल्हापूर, सातारा, सिंधुदुर्ग, रत्नागिरी या जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आपापल्या भागातील गावकीच्या वह्या मिळवल्या आणि त्यांची छायाचित्रे काढून ठेवली तरी मोठे काम होईल. त्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट माणसांची. चाळ रिकामी झाली की रहिवासी संक्रमण शिबिरांत आणि भाड्याच्या घरांत विखुरतात. परत येईपर्यंत चार-पाच वर्षे सरतात आणि तेवढ्यात ऐंशीच्या पुढची माणसे उरत नाहीत. ज्यांनी १९४० आणि ५० ची वरळी पाहिली आहे अशी माणसे आज मोजकीच आहेत. त्या दिवशी मी तिघांना भेटले. त्यांपैकी एका आजींना आपल्या खोलीच्या जुन्या भाड्यापासून बोळातल्या पहिल्या विजेच्या दिव्यापर्यंत सारे लख्ख आठवते. त्यांच्याजवळ बसून दोन तास ऐकणारे आणि ध्वनिमुद्रण करणारे कोणी हवे. मी त्यातले थोडे माझ्या मोबाईलवर करून घेतले आहे, पण मला त्याचे शास्त्र येत नाही आणि बोळातल्या गोंगाटात अर्धे शब्द हरवले आहेत.

आपल्या वृत्तपत्राला मी विनंती करते की बीडीडी चाळींविषयी यापुढे येणाऱ्या बातम्यांत "मूळच्या तुरुंगाच्या इमारती" हा उल्लेख येऊ देऊ नये, आणि शक्य झाल्यास जुन्या रहिवाशांना त्यांच्याकडच्या भाडेपावत्या, छायाचित्रे व वह्या जपून ठेवण्याचे आवाहन करावे. माझ्याकडे बाबांच्या १९६१ ते १९६८ या काळातील भाडेपावत्या, गिरणीतले त्यांचे पितळी तिकीट आणि आईची खानावळीची उधारीची वही आहे. चुलत वहिनीने दाराजवळची ती सागाची गुट्टी काढून द्यायची तयारी दाखवली होती, पण मी ती भिंतीतच राहू दिली आहे. इमारत रिकामी करण्याच्या दिवशी मी पुन्हा जाणार आहे. तोवर एखादा मजला राखण्याचा निर्णय झाला तर ती तिथेच राहील, नाही तर छिन्नी-हातोडी घेऊन काढावी लागेल, आणि शेजाऱ्यांना आदल्या दिवशी तसे सांगून ठेवीन.

आपली विश्वासू,
वरळी बीडीडी चाळीतील एक माजी रहिवासी,
डोंबिवली (पूर्व)